मुलाला मुलुख हवा होता

दोन हजार चौदा सालच्या मे महिन्यातला तो शुक्रवार. मी पहाटे फजरच्या नमाजाला उठलो तर हॉलमध्ये उजेड दिसला. टीव्ही लागलेला होता, आवाज बारीक केलेला, आणि माझा मुलगा मांडीवर लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसला होता. एरवी सुट्टीच्या दिवशी त्याला उठवायचं तर त्याच्या आईला खोलीतला एसी बंद करावा लागे. भारतात आठ वाजता मतमोजणी सुरू होणार होती. आमच्याकडे ओमानात, सोहारला, तेव्हा साडेसहा वाजतात. हा दोन-अडीच तास आधीच उठून बसला होता.

"अब्बा, चहा ठेवू?" त्यानं विचारलं.

बावीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं मला हे पहिल्यांदाच विचारलं असावं. मी हो म्हटलं, नमाज पढून आलो आणि त्याच्या शेजारी बसलो. चहा गोड झाला होता. मी तो प्यालो.

मी मूळचा रत्नागिरीचा, खाडीकाठच्या गावातला. सोहार औद्योगिक वसाहतीत पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून मला तेव्हा एकविसावं वर्ष लागलं होतं. मुलगा दीड वर्षाचा असताना बायको त्याला घेऊन इथे आली. तो इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकला, मग मस्कतच्या कॉलेजातून इंजिनिअर झाला. घरात आमच्याशी मराठी बोलायचा, पण दोन वाक्यं झाली की गाडी इंग्रजीवर घसरायची. गावाला आम्ही दोन वर्षांतून एकदा जायचो, तेही महिनाभर. तिथल्या विहिरीत उतरायला तो घाबरायचा, फणसाच्या वासानं नाक दाबायचा. असा हा मुलगा त्या वर्षी उठता-बसता "आपला देश" म्हणू लागला होता.

त्यामागे कारण होतं. शिक्षण संपलं होतं आणि आता तो माझ्या व्हिसावर राहू शकत नव्हता. ऑगस्टअखेर मुदत संपत होती. इथल्या नोकऱ्या आधी इथल्या मुलांना मिळायला हव्यात असा सरकारचा नियम, आणि त्यात गैर काही नव्हतं. चार-पाच ठिकाणी त्यानं मुलाखती दिल्या. सगळीकडे हसून चहा पाजला आणि कळवतो म्हणाले. ज्या गावात तो बोलायला शिकला, त्या गावाला त्याची गरज नव्हती. अशा वेळी तिकडे दिल्लीत एक नवा माणूस येणार, कारखाने येणार, तरुणांना हाताला काम मिळणार, बाहेर गेलेले लोक परत येणार, असं रोज त्याच्या कानावर पडत होतं. त्याच्या वर्गातल्या सगळ्याच मुलांच्या कानावर पडत होतं. त्यात मल्याळी होते, गुजराती होते, आमच्यासारखे कोकणी मुसलमान होते. सगळ्यांच्या व्हिसाची मुदत संपत आली होती आणि सगळे एकदम आशेवर आले होते.

मतदान तर त्याला करता आलं नव्हतं. म्हणून त्यानं गावातल्या मावसभावांना फोन करून करून पटवलं. त्यावरून माझा मेव्हणा चिडला. मला म्हणाला, "तुझ्या पोराला जरा समजव. तो तिकडे एसीत बसून आम्हाला शिकवतोय."

मी मुलाला काही समजावलं नाही. मला भीती वाटत होती, आणि ती कशाची हे त्याला सांगायचं तर फार मागे जावं लागलं असतं.

दहा वाजेपर्यंत निकाल स्पष्ट झाला. पडद्यावरचा आकडा अर्ध्याच्या पुढे गेला तसा तो उठून उभा राहिला. त्यानं मला मिठी मारली. 

"अब्बा, बघा तुम्ही आता. इट्स आवर टाइम. मी जाणार, तिथेच नोकरी करणार, आणि पाच वर्षांत तुम्हाला बोलावून घेणार."

मी त्याच्या पाठीवर थोपटलं. स्वयंपाकघरात बायको घावणे घालत होती. तिचं टीव्हीकडे लक्ष नव्हतं असं मला वाटत होतं. पण करपल्याचा वास आला म्हणून आत गेलो, तर ती हातात कालथा धरून नुसती उभी होती आणि तव्यावरचा घावणा काळा पडला होता.

"त्याला काय बोलू नका," ती हळूच म्हणाली. "पोर खूश हाय. ऱ्हाऊ दे."

"आणि तू?"

"मना भ्या वाटतं. पण मना कवा नाय वाटलं?"

रविवारी कामावर गेलो. आमच्या कारखान्यात देवगडचा एक क्रेन ऑपरेटर होता. त्याची माझी वीस वर्षांची दोस्ती. दोघंही एकाच वर्षी आलेलो, पहिले चार महिने कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत काढलेले. त्याच्या आईच्या आजारपणात मी त्याच्या जागी दोन महिने त्याच्या घरी फोन करत असे, कारण त्याला बोलताना रडू यायचं. तो स्टोअरच्या खिडकीशी आला. कॅम्पच्या भटाऱ्यानं मिल्क पावडरचे पेढे केले होते, त्यातला एक त्यानं माझ्या हातावर ठेवला.

"काय रे, गप्पसा?" त्यानं विचारलं.

"दाढ दुखतेय."

"मग गोड नको खाऊ," म्हणाला, आणि हसला. पण गेला नाही. थोडा वेळ खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "तुला काय वाटतं ते मला कळतं. पण तसं काही होणार नाही. आपण बघू ना."

मी मान डोलावली. त्याला कळतं हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट अधिकच कसंतरी झालं. म्हणजे जे माझ्या मनात होतं ते खरंच होतं, बाहेरच्या माणसालाही दिसत होतं. तो गेल्यावर मी पेढा कागदात गुंडाळून खणात ठेवला आणि पावत्या लिहायला घेतल्या.

शपथविधी त्यानंतर दहा दिवसांनी होता. आमच्याकडे ऐन दुपारी, साडेचारला. कॅम्पच्या मेसमध्ये भिंतीवर मोठा पडदा लावून तो दाखवणार होते. मुलगा आणि त्याचे चार-पाच मित्र जाणार होते.

"घरात बघ की," मी म्हणालो. "टीव्ही आहे ना."

"अब्बा, एकट्यानं बघण्यात काय मजा? सगळे येतायत. सगळ्या स्टेटचे."

"इथे जमाव चालत नाही."

"जमाव नाही, टीव्ही बघतोय आम्ही."

मला त्याला तीन वर्षांपूर्वीची आठवण करून द्यावीशी वाटली. तेव्हा सोहारच्या मोठ्या चौकात इथलीच तरुण मुलं जमली होती. नोकऱ्या मागत होती. आम्ही तीन दिवस दार लावून घरात होतो. गच्चीवरून धूर दिसायचा आणि हेलिकॉप्टरचा आवाज यायचा. बायकोनं पहिल्याच दिवशी पासपोर्ट आणि दागिने एका पिशवीत बांधून पिशवी दाराशी ठेवली. मुलगा तेव्हा मस्कतला हॉस्टेलवर होता, त्याला हे फोनवरच कळलं. त्याच्या लेखी ती बातमी होती. आमच्या लेखी ती पिशवी होती. पण तोवर तो निघून गेला होता.

मी घरी टीव्हीवर पाहिलं. अंगणात मांडलेल्या खुर्च्या, शेजारच्या देशांचे पाहुणे, एकेक करून शपथ घेणारी माणसं. सगळं शांतपणे पार पडलं. बायकोही येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. नवा माणूस शपथ घेऊन सही करायला वाकला तेव्हा ती म्हणाली, "अल्ला, त्याला सगळ्यांचं भलं करायची बुद्धी दे." आणि आत गेली. तिनं ते मनापासून म्हटलं होतं.

सूर्य मावळून मगरिबची बांग झाली तरी मुलगा आला नव्हता. मी मशिदीकडे निघणार तोच फोन वाजला.

"अब्बा, रागावू नका," तो इंग्रजीत म्हणाला. घाबरला की त्याची मराठी पूर्णच जायची. "आमची रेसिडेंट कार्डं पोलिसांनी घेतलीत. उद्या सकाळी बोलावलंय."

झालं होतं असं. कार्यक्रम संपल्यावर मुलांना घरी जावंसं वाटेना. चार गाड्या काढल्या, खिडकीतून झेंडे बाहेर काढले आणि हॉर्न वाजवत गावात फिरले. राष्ट्रीय दिनाला इथली मुलं तसंच फिरतात, ते यांनी लहानपणापासून पाहिलेलं. फिरत फिरत त्याच मोठ्या चौकाला दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला पोलिसांची गाडी समोर आली. माझा मुलगा तेव्हा खिडकीत बसून अर्धा बाहेर होता.

तो घरी आला तशी बायको पुढे झाली. तिनं त्याचे खांदे, दंड चाचपून पाहिले, लहान मूल पडल्यावर पाहतात तसे.

मी आमच्या कंपनीच्या मंदूबला फोन केला. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस, व्हिसा, लायसन्स, पोलीस, सगळं तोच बघतो. आमचा मंदूब इथलाच होता, पंचेचाळिशीचा, शांत. मी हजला गेलेलो नसूनही तो मला हाजी म्हणायचा. त्याची हिंदी आणि माझी अरबी सारखीच मोडकी, पण मिळून आमचं काम चालायचं.

"हाजी, सकाळी सात वाजता तयार रहा," एवढंच तो म्हणाला.

सकाळी त्याच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. याला परत पाठवतील आणि शिक्का मारतील. मग हा आयुष्यात परत इकडे येऊ शकणार नाही, आणि मला नोकरी सोडता येणार नाही, आणि तिकडे हा एकटा.  मी तळहात पँटला पुसत होतो आणि मंदूब ते पाहत होता.

ठाण्यातला अधिकारी तरुण होता. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मुलाचं कार्ड हातात फिरवत अरबीत काहीतरी विचारलं. मंदूबनं मला सांगितलं, "तो विचारतोय, कुठे जन्मला?"

"रत्नागिरीत. पण दीड वर्षाचा असल्यापासून इथेच."

अधिकारी मुलाशी सरळ इंग्रजीत बोलला. "तुझ्या देशात नवा माणूस आला, चांगली गोष्ट आहे. मुबारक. पण हा रस्ता इथला आहे. इथे अशी मिरवणूक काढायला परवानगी लागते. कुणाच्याही झेंड्याची असो. समजलं?"

"यस सर," मुलगा म्हणाला. 

त्याच्याकडून एका कागदावर लिहून घेतलं की पुन्हा असं करणार नाही. सही झाली, कार्ड परत मिळालं. खलास. अर्ध्या तासात आम्ही बाहेर होतो. आम्ही गाडीत बसलो. 

मंदूबनं गाडी लगेच चालू केली नाही. म्हणाला, "माझा धाकटा भाऊ त्या चौकात होता. तीन वर्षांपूर्वी. आम्हाला वाटायचं कॉलेजला जातो. माझी आई याच दारासमोर बसायची. ऊन चढलं तरी हलायची नाही. मी तिला म्हणायचो, आई, घरी चल. ती म्हणायची, तो बाहेर आल्यावर त्याला पाणी कोण देईल?"

"मग?"

"मग सोडलं त्याला. आता तुमच्याच वसाहतीत नोकरीला आहे. लग्न झालं." त्यानं आरशातून मागे बसलेल्या माझ्या मुलाकडे पाहिलं. "त्यालाही असंच वाटायचं, सगळं बदलणार. थोडं बदललंही. पण आई अजून त्याचा फोन लागला नाही की चप्पल घालून दारात उभी राहते."

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही.

त्यानंतर दोन आठवडे त्यानं टीव्ही लावला नाही. मला वाटलं, उत्साह उतरला. पण जूनमध्ये पुण्याच्या एका छोट्या कंपनीतून त्याला पत्र आलं. मीटर आणि सेन्सर बनवणारी कंपनी, सगळी तिशीच्या आतली मुलं. सप्टेंबरपासून बोलावलं होतं. तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. पुण्याचे नकाशे बघू लागला, यूट्यूबवर मराठी ऐकू लागला. जेवताना आईला विचारायचा, "अम्मा, 'उलाढाल' म्हणजे काय?" तिला कुठे माहीत असायला.

त्याच सुमारास तिकडच्या पेपरात एक बातमी आली. पुण्यातच एका मुसलमान तरुणाला जमावानं ठार मारल्याची. अधिक काही लिहीत नाही, तोही कुणाचा तरी मुलगा. ती मी कामावर वाचली. आमच्याकडे पेपर यायचा तो कंपनीतून मीच घरी नेत असे. त्या दिवशी ते पान काढून घेतलं आणि उरलेला पेपर घरी नेला. बायको पेपर फार वाचत नसे, पण घडी मोडून पानं चाळायची. ते पान घडी घालून मी तांदळाच्या पिंपामागे सरकवलं. फेकून का दिलं नाही, सांगता येत नाही. आठवड्यानं तिनं पिंप हलवलं आणि पान तिच्या हाती लागलं. ते घेऊन ती माझ्यासमोर आली.

"हे तुमी लपवलंत?"

"तुला त्रास होईल म्हणून."

ती खाली बसली. "मी त्याच दिवशी फोनवर वाचलं. तुमच्या नजरेला पडू नये म्हणून तुमच्या फोनमधनं भावाचा मेसेज काढून टाकला."

आम्ही दोघं एकमेकांपासून एकच बातमी आठवडाभर लपवत होतो. त्या वेळी हसू आलं नाही. तिनं विचारलं, "त्याला सांगायचं का? मुंबईचं?"

मुंबईचं म्हणजे काय, ते आता सांगायला हवं. त्र्याण्णव सालच्या जानेवारीत आम्ही मुंबईत एका चाळीत राहत होतो. मी लोखंडाच्या दुकानात कामाला होतो. मुलगा दहा महिन्यांचा. दंगल सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या आम्ही पाच घरांनी मिळून एका गोदामाच्या माळ्यावर आसरा घेतला. खालून माणसं जायची. कधी धावत, कधी सावकाश, दारं ठोकत. माळ्यावर सात-आठ लहान मुलं. एक जरी रडलं असतं तरी संपलं असतं. कुणीतरी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणल्या होत्या. दोन दिवस आम्ही मुलांना ते औषध पाजून झोपवलं. दुसऱ्या दिवशी माझा मुलगा इतका गाढ झोपला की हलवून उठेना. बायको त्याच्या नाकाशी बोट धरून बसली होती. श्वास येतोय का बघायला. पुढचा श्वास येईपर्यंत ती स्वतःचा धरून ठेवायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो, गावाला गेलो, आणि चार महिन्यांत मी ओमानला आलो. लोकांना वाटतं मी कमवायला आलो. मुलालाही तेच माहीत होतं.

"मी सांगेन," मी बायकोला म्हणालो. पण जून गेला, जुलै गेला, रमजान झाला, ईद झाली. ऑगस्टमध्ये व्हिसाची मुदत मंदूबनं महिनाभर वाढवून आणली. 

शेवटी तो निघाला त्या दिवशी सांगितलं. सोहारहून मस्कतचा विमानतळ दोन-सव्वादोन तास. बायको गाडीत आली नाही. म्हणाली, मी घरूनच निरोप देते. सामान मागे, आम्ही दोघं पुढे. वाटेतलं सुवैक गाव मागे पडलं आणि मी बोलायला सुरुवात केली. रस्त्याकडे बघत सांगितलं. थांबलो असतो तर पूर्ण झालं नसतं.

 पुढचं बरका गाव आलं तेव्हा त्यानं काच खाली केली. मग म्हणाला, "म्हणून अम्मा मला कधी कफ सिरप देत नव्हती? कितीही खोकलो तरी मध आणि हळद?"

"हो."

"मला वाटायचं तिचा औषधांवर विश्वास नाही."

 मग त्यानं विचारलं, "अब्बा, हे आज का सांगितलं? मी जाऊ नये म्हणून?"

"नाही. जा. पण माहीत असून जा."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "माळ्याचं नाही. पण बाकी सगळं. मी वाचलंय. तुम्हाला वाटतं मी काही न वाचता उड्या मारतोय. मला माहीत आहे, आणि तरी मला वाटतं की यावेळी काहीतरी चांगलं होईल. मला असं वाटायलाच पाहिजे, अब्बा. नाहीतर मी जाऊ कुठे?"

 विमानतळावर त्यानं माझ्या हाताचं चुंबन घेतलं, जे तो फक्त ईदला करायचा, आणि ट्रॉली ढकलत आत गेला. मी गाडीत येऊन बसलो. परत निघायला मला तासभर लागला.

पुढची जवळजवळ चार वर्षं आम्ही फोनवर जगलो. पुण्यात त्याला राहायला जागा मिळेना. फोनवर सगळं ठरायचं, नाव सांगितलं की घरमालकाचा भाचा अचानक राहायला येणार असायचा. मुलगा हे हसून सांगायचा. "अब्बा, पुण्यात भाचे फार आहेत." देवगडवाल्या माझ्या दोस्ताला हे कळलं. तो स्टोअरच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "माझी बहीण कोथरूडला आहे. मी तिच्या नावावर जागा घेऊन देतो त्याला. आजच फोन करतो." तो माझ्याकडे बघत नव्हता. मी मुलाला सांगितलं. मुलगा म्हणाला, "काकांना थँक्यू सांगा. पण मला माझ्या नावावर पाहिजे."

दोन महिने तो हॉस्टेलच्या एका खाटेवर राहिला. मग एका निवृत्त बाईंनी त्याला दोन खोल्या दिल्या. त्यांनी एकच विचारलं होतं, रात्री गाणी मोठ्यानं लावतोस का. भाडेकरारावर त्याचं पूर्ण नाव, माझं नाव, आडनाव. त्यानं कराराचा फोटो पाठवला. बायकोनं तो फोटो महिनाभर फोनच्या पडद्यावर ठेवला होता.

भीती मात्र गेली नाही. एकदा दिवसभर त्याचा फोन लागला नाही. बातम्यांमध्ये पुण्यात कुठेतरी बंदोबस्त आहे असं येत होतं. मी स्टोअर बंद केलं, घरी आलो. बायको दारात उभी होती, ओढणी डोक्यावर घेऊन, पायात चप्पल. सोहारहून पुण्याला चपलेनं जाता येत नाही हे तिला माहीत होतं. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. संध्याकाळी त्याचा फोन आला. चार्जर ऑफिसात विसरला होता आणि तो मित्रांबरोबर गडावर गेला होता.  फोन ठेवून बायको मोरीत गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

दोन हजार अठरा साली माझं काम संपलं. तेलाचे भाव पडल्यापासून कारखान्यात माणसं कमी होत होती, आणि स्टोअरचं काम इथल्या एका हुशार मुलीला शिकवून मी मोकळा झालो होतो. सामान बांधायला मुलगा आठ दिवस सोहारला आला. व्हिजिट व्हिसावर. विमानतळावर त्याला विचारलं म्हणे, पहिल्यांदाच येताय का?

अंगानं भरला होता. कार्गोवाल्याशी फोनवर पुण्याच्या मराठीत वाद घालायचा. त्याची पहिली कंपनी मधेच बंद पडली होती, दुसरीत तो बऱ्या जागेवर होता. एका संध्याकाळी आम्ही दोघं समुद्रकाठच्या कॉर्निशवर जाऊन बसलो. समोर कोळी जाळी आवरत होते. मी त्याला जे चार वर्षं विचारायचं होतं ते विचारलं.

"अजून तसं वाटतं का रे तुला? त्या दिवशी वाटलं होतं तसं?"

 "तसं नाही वाटत," तो म्हणाला. "काही गोष्टी झाल्या. बऱ्याच नाही झाल्या. काही अशा झाल्या की मी ऑफिसात जेवताना गप्प बसतो. माझ्या बॅचचे दोघं कॅनडाला गेले. आता शपथविधी असला तर मी खिडकीत बसून झेंडा नाही फडकवणार."

"मग परत इकडे कुठे बघू का? मस्कतमधल्या कुरुमला माझ्या ओळखीचा एक अर्बाब आहे, मोठा मालक माणूस, त्याच्या ऑफिसात..."

"नको, अब्बा." त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "मी तिथे राहतो आता. घरवाल्या बाई आजारी पडल्या की मला हाक मारतात. मागच्या वर्षी मी रांगेत उभा राहून मतदार यादीत नाव घातलं. तिथलं जे काय व्हायचं ते माझंही होईल. भीती वाटते. तुम्हाला वाटते तशीच वाटते. पण पुढच्या वेळी मी मत देणार आहे."

कुणाला, हे मी विचारलं नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मंदूबबरोबर जाऊन मी व्हिसा रद्द केला. पंचवीस वर्षांचं काम दहा मिनिटांत झालं. शिक्का मारलेला कागद मंदूबनं माझ्या हातात दिला आणि विचारलं, "हाजी, घरी जाताय. खूश?"

मी म्हणालो, "इन्शाल्ला."

मुलगा बाहेर उन्हात गाडी चालू करून थांबला होता.